सतरा छेद बारा

कोगनोळीचा नाका ओलांडून निपाणीकडं यायला लागलं की डाव्या हाताला एक माळ लागतो. त्या माळाच्या उतरणीला कुंथुनाथ चौगुल्याचं गुऱ्हाळ. दिवाळी सरली की तिथला धूर वर चढतो आणि संक्रांत उलटून महिना झाला तरी खाली बसत नाही. हायवेवरनं जाणारी माणसं गाडीची काच खाली करतात आणि त्या वासानं घटकाभर गप्प होतात.

गुऱ्हाळाचा मालक कुंथुनाथच आणि गुळव्याही तोच. काहिलीत उकळणारा रस कधी उतरवायचा हे ठरवतो तो गुळव्या. चार श्वास आधी उतरवला तर गूळ धरत नाही, चार श्वास उशीर झाला तर काळा पडतो. कुंथुनाथ लांब दांड्याच्या पळीनं थेंबभर पाक घ्यायचा, वाटीतल्या पाण्यात सोडायचा, बोटांत वळायचा आणि मान हलवायचा. कसं कळलं, म्हणून विचारलं तर सांगता यायचं नाही. पण त्याची मान चुकली असं गेल्या वीस वर्षांत कुणी म्हटलेलं नाही.

आणखी एक सांगायला पाहिजे. रसाच्या पिंपात मधमाशा पडतात. दुसऱ्या गुऱ्हाळांवर त्या रसाबरोबर उकळतात. कुंथुनाथ उसाच्या पाल्यानं एकेक माशी उचलायचा, उन्हात चिपाडावर ठेवायचा आणि तिचे पंख वाळेपर्यंत तिकडं नजर ठेवायचा. पाणी दुहेरी फडक्यातनं गाळायचा. जमिनीवर मुंग्यांची रांग दिसली तर पाटी दुसऱ्या वाटेनं न्यायचा. सूर्य मावळल्यावर त्याच्या तोंडात अन्नाचा कण गेला नव्हता, आणि चुलाणातही दिवस बुडल्यावर जाळ राहायचा नाही. शेवटची काहील उजेडातच उतरायची. बस्तीतले, म्हणजे जैन मंदिरात जमणारे लोक त्याचं नाव घेऊन पोरांना सांगायचे, जैनाचा पोरगा असावा तर असा.

हाच माणूस आपल्या अकरा वर्षांच्या पोरीला गणितावरनं मारायचा.

त्याला स्वतःला असंच शिकवलं होतं. वडील अप्पासाहेब संध्याकाळी उंबऱ्यावर बसायचे, मांडीवर उसाचं तीन पेरांचं कांडं घेऊन. कुंथुनाथ समोर उभा. पंधराचा पाढा. पंधरा सत्ते अडला की कांडं पिंढरीवर यायचं, आणि कांडं मोडलं की अप्पासाहेब दुसरं आणायला सांगायचे, आणि ते कुंथुनाथनंच आणायचं असायचं. बारीक कांडं आणलं तर त्याचा वेगळा मार. एकदा मार चुकवायला त्यानं हात मध्ये घातला. डाव्या करंगळीचं हाड मोडलं. वैदूनं बांधलं ते वाकडंच जुळलं. रात्री आईनं हळद लावली, सकाळी अप्पासाहेबांनी परत पाढा विचारला.

दहावीला कुंथुनाथ गणितात दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा बसलाच नाही. लोकांना वाटेल, अशा माणसाला मारावर विश्वास राहिला नसेल. पण त्याचं मन उलट्या दिशेनं गेलं. तो म्हणायचा, "अप्पांनी अजून चार दिल्या असत्या तर पास झालो असतो. शेवटी शेवटी त्यांनीच हात आखडता घेतला."

तो हात आपण आखडता घ्यायचा नाही, असं त्यानं ब्राह्मी पाचवीत गेली तेव्हाच ठरवलं.

ब्राह्मी गावातल्या मराठी शाळेत सहावीला. शाळा साडेचारला सुटते. हंगामात घरची सगळी माणसं गुऱ्हाळावर, म्हणून ती दप्तर घेऊन थेट तिकडंच यायची. आई श्रद्धा छपराच्या कडेला तीन दगडांवर भाकरी भाजत असायची. कुंथुनाथ काहिलीजवळ. ब्राह्मी गुळाच्या रिकाम्या डब्यावर वही ठेवून बसायची. नियम साधा होता. आधी गणित, मग जेवण. आणि जेवण दिवस मावळायच्या आत.

मार्गशीर्षात दिवस किती राहतो? पावणेपाचला पोरगी यायची, सहाला सूर्य माळाआड. त्या सव्वा तासात तीन गणितं. कुंथुनाथनं निपाणीहून गाईड आणलं होतं. त्यात मागं उत्तरं होती. पोरीनं उत्तर काढलं की तो बोटाला लागलेला गूळ धोतराला पुसायचा, गाईडाचं पान उघडायचा, ताडून बघायचा. जुळलं तर मान हलवायचा. नाही जुळलं तर लाल पेनानं फुली, आणि पट्टी.

सुरुवातीला तळहातावर दोन. मग पाठीवर. मग पट्टी मोडली आणि हात आला. हाताला मोजमाप नसतं. एका थपडीनं तिच्या कानातली रिंग निघून चिपाडात पडली, ती तिघांनी मिळून अर्धा तास शोधली. सापडली तेव्हा सूर्य गेला होता. भाकऱ्या तशाच झाकून राहिल्या.

श्रद्धा गप्प बसणारी बाई नव्हती. एकदा तिनं भाकरीचं पीठ लागलेल्या हातानंच पट्टी धरली.

"अवो, आदिनाथांनी आपल्या पोरींस्नी मांडीवर घिऊन शिकिवलं. ब्राह्मीला अक्षरं, सुंदरीला आकडं. पट्टी मारल्याचं कुठल्या पुराणात लिवलंय तेवढं दावा मला."

"तवा गाईड न्हवतं," कुंथुनाथ म्हणाला.

चुलाणात चिपाड सारणारा नागेंद्र हसला. तो चिकोडीकडचा, बोलायचा मराठी पण हसायचा कन्नड माणसासारखा पोटातनं. हसू ऐकून ब्राह्मीलाही धीर आला.

"पप्पा, आकडं सुंदरीला शिकिवलं. ब्राह्मीला न्हाय. माझं नावच चुकलंय."

कुंथुनाथलाही हसू आलं. दात दिसेपर्यंत हसला. आणि हसता हसताच त्यानं तिच्या तोंडावर अशी दिली की ती डब्यासकट मागं पडली. श्रद्धा मध्ये आली, तिच्या मनगटावरही बसली. काचेच्या दोन बांगड्या फुटल्या आणि एक तुकडा भाकरीच्या पिठात पडला. ते पीठ टाकून द्यावं लागलं.

नागेंद्र उठून उभा राहिला होता. "साकु," तो म्हणाला. "साकु, मालक." पुरे, पुरे. मग त्यानं खाली बसून जाळात चिपाड सारलं. दुसरं काय करणार होता?

चातुर्मासात गावच्या बस्तीत एक माताजी राहिल्या होत्या. त्यांच्यासमोर हात जोडून ब्राह्मीनं नियम घेतला होता, रात्री खाणार नाही म्हणून. घरात तो पाळला जातच होता, पण तापलेल्या लेकराला श्रद्धा अंधारातही कपभर दूध द्यायची. आता पोरगी तेही घेईना. आणि या नियमाचा तिला एक उपयोग सापडला. पप्पांनी फुली मारली की ती पेन्सिल खाली ठेवायची आणि सूर्याकडं तोंड करून बसायची. मारलं तरी हलायची नाही. माळाआड लाल गोळा गेला की उठायची, तोंड धुवायची आणि म्हणायची, "झालं. आता जेवता येत न्हाय." उपाशी राहून ती जिंकायची. कुंथुनाथला ते कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी हात आणखी जोरानं यायचा.

पौषापर्यंत तिच्या गालांची हाडं वर आली. शाळेत प्रार्थनेला एकदा खाली बसली. श्रद्धानं नवऱ्याला सांगितलं, "ही पोरगी तुमच्या हातनं जाणार बघा." तो काहिलीकडं बघत राहिला.

त्या दिवशी शेवटची काहील लाल होत आली होती. बुडबुडे लहान झाले होते, कडेला सोनेरी फेस. अशा वेळी गुळव्यानं दुसरीकडं बघायचं नसतं. कुंथुनाथनं पळी बुडवली, वर काढली, आणि तेवढ्यात ब्राह्मीनं वही पुढं केली.

तीन छेद चार अधिक दोन छेद तीन. खाली उत्तर, सतरा छेद बारा.

त्यानं डाव्या हातानं गाईड उघडलं. गाईडात होतं, एक पूर्णांक पाच छेद बारा.

"चुकलं."

"न्हाय चुकलं. बरोबर हाय."

"मग गाईड खोटं बोलतंय व्हय?"

"मला न्हाय म्हाईत. बाईंनी असंच शिकिवलंय. नऊ छेद बारा, आठ छेद बारा, सतरा छेद बारा. बरोबर हाय."

"परत कर."

"बरोबर हाय, पप्पा."

तिनं आवाज चढवला नव्हता. पण सूर्याकडं तोंड वळवलं. ते वळणं कुंथुनाथला सहन झालं नाही. त्यानं उजवा हात उगारला. हातात काय आहे याचं भान त्याला राहिलं नाही. वीस वर्षं जी पळी त्याच्या बोटांसारखी झाली होती, ती बोटांसारखीच त्याला जाणवली नाही. पळीतला पाक तुटून उडाला आणि पोरीनं तोंडापुढं घातलेल्या उजव्या हातावर पडला.

पाण्यानं भाजलं तर पाणी खाली गळून जातं. पाक चिकटतो. चिकटतो आणि शिजवत राहतो. ब्राह्मीनं हात झटकला तसा तो मनगटापर्यंत पसरला. तिनं जी किंकाळी फोडली ती हायवेच्या ढाब्यावर ऐकू गेली म्हणतात. कुंथुनाथ पळी टाकून दोन्ही हातांनी तो पाक काढायला धावला आणि त्याच्या बोटांबरोबर तिच्या कातडीची साल आली. नागेंद्रनं त्याला छातीवर लाथ घालून बाजूला केलं. मालकाला लाथ घातली. मग पोरीला उचलून पाण्याच्या हौदात खांद्यापर्यंत बुडवली. मागं काहील करपली. काळा, कडू धूर छपरात भरला आणि त्या काहिलीकडं कुणी पाहिलं नाही.

निपाणीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली. श्रद्धा म्हणाली, पाय घसरला. कुंथुनाथ दाराशी उभा होता, स्वतःच्या भाजलेल्या बोटांवर फुंकर न घालता. डॉक्टरीणबाईंनी पोरीलाच विचारलं, "कसं झालं बाळा?"

ब्राह्मी छताकडं बघत म्हणाली, "गणित चुकलं."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर बराच वेळ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रद्धानं गाईड चुलाणात टाकलं. मग एक पिशवी भरली. तिचे दोन, पोरीचे चार कपडे. पिशवी माळ्यावर ठेवली आणि नवऱ्याला सांगितलं, "ही हितंच राहणार. तुमचा हात परत उठला की मी खासबागला भावाकडं. पोरगी घिऊन. मग बोलवाय येऊ नका."

"न्हाय उठणार."

"हाताला सांगा. मला नगं."

ब्राह्मीची रजा सांगायला कुंथुनाथ शाळेत गेला. गणिताच्या मनिषाबाई वह्यांच्या गठ्ठ्यामागं बसल्या होत्या. त्यानं सोबत ब्राह्मीची घरची वही नेली होती. का नेली, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी ती उघडली. पान उलटलं. आणखी एक उलटलं.

"या फुल्या कुणी मारल्या?"

"मी."

"हे बरोबर आहे. हेही बरोबर आहे. आणि हे." बाईंनी अकरा फुल्या मोजल्या. "सगळं बरोबर आहे, चौगुले."

"गाईडात येगळं हुतं."

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. मग खडू घेतला नाही, वही घेतली नाही. म्हणाल्या, "तुमची गुळाची ढेप. तिचे सारखे बारा तुकडे केले. असे सतरा तुकडे तुमच्यासमोर आहेत. किती ढेपा झाल्या?"

ढेप म्हटल्यावर कुंथुनाथला विचार करावा लागला नाही. "एक ढेप. आणि वर पाच तुकडं."

"एक पूर्णांक पाच छेद बारा. गाईडानं ढेप बांधून दिली. तुमच्या पोरीनं तुकडे मोजले. गूळ तेवढाच. ढेप बांधायचं मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होते."

तो बाकावर बसला. सहावीच्या पोरांचा बाक, गुडघे छातीशी आले. अकरा संध्याकाळी त्याच्या डोळ्यांपुढनं गेल्या. प्रत्येकीला एक झाकलेली भाकरी होती.

बाईंनी त्याला रडू दिलं नाही. "ऐका. घरी तुम्ही मास्तर होऊ नका. येत नसेल तर येत नाही म्हणा, त्यानं बापाची किंमत कमी होत नाही. तिला विचारा, हे कसं केलंस, मला सांग. तिनं सांगितलं की तिचं तिलाच चूक कुठं ते दिसतं. नाही दिसलं तर तशीच वही शाळेत येऊ दे, चुका बघायलाच मी इथं बसलेय. आणि पोरीला आधी खायला घाला. रिकाम्या पोटी मलाही छेद सारखे करता येत नाहीत." मग त्या थांबल्या. "तिच्या हाताचं काय झालं ते मला कळलंय. पुन्हा काही दिसलं तर फोन कुठं करायचा ते मला माहीत आहे. मी तुमच्याशी बोलायला थांबणार नाही."

"व्हय," कुंथुनाथ म्हणाला.

उजवा हात तीन आठवडे बांधलेला राहणार होता. वार्षिक परीक्षा पुढं होती. तोंडानं सांगायला पोरगी तयार होती, लिहायला कुणीतरी पाहिजे. श्रद्धा कन्नड शाळेत शिकलेली, तिला मराठी लिहायचं म्हणजे वेळ लागायचा. म्हणून कुंथुनाथ बसला. आता जेवण आधी व्हायचं, उजेडातच, आणि वही नंतर.

पहिल्या दिवशी ब्राह्मी त्याच्यापासनं हातभर लांब बसली. तिच्या डाव्या हातात नवी पट्टी होती, ओळी दाखवायला.

"पाच छेद सहा अधिक तीन छेद आठ. लिवा."

त्यानं लिहिलं.

"छेद सारखं कराय पायजेत. चोवीस."

"चोवीस कुठनं आलं?"

"सहाच्या पाढ्यात बी हाय, आठाच्या बी हाय. लिवा. पाच छेद सहाचं वीस छेद चोवीस. आता तीन छेद आठचं करा."

त्यानं लिहिलं, तीन छेद चोवीस.

"न्हाय. वर बी गुणायचं. चोवीसात आठ किती येळा?"

ते त्याला येत होतं. आठ त्रिक चोवीस, सातव्या वर्षापासनं येत होतं. ओठावर आलं होतं. पण हात आधीच चालला आणि परत तीनच लिहून बसला.

पट्टी खाडकन वही दाबून धरलेल्या त्याच्या डाव्या हाताच्या पेरांवर आली. वाकड्या करंगळीवर.

तिनं मारली होती. डाव्या हातानं, पण होती तेवढ्या बळानं. भाकऱ्यांची टोपली उचलणारी श्रद्धा जागच्या जागी थांबली. नागेंद्रनं चिपाडाचा भारा खाली ठेवला आणि दोन पावलं पुढं आला.

कुंथुनाथ मात्र दुसऱ्याच ठिकाणी होता. ओठावरचा तो आकडा गेला होता. आठ त्रिक किती? त्यानं शोधलं. डोक्यात पांढरं धुकं होतं, आणि धुक्यात नुसता एक आवाज, कांडं हवेत फिरल्याचा. आठ दुणे सोळा एवढं सापडलं. पुढं काही नव्हतं. बेचाळीस वर्षांचा माणूस, बायकोच्या, पोरीच्या आणि गड्याच्या समोर, आठ त्रिक विसरून बसला होता. हे असंच व्हायचं. उंबऱ्यासमोर दररोज असंच व्हायचं, पाढा येत असायचा आणि मारानंतर नसायचा. आणि तो आयुष्यभर समजत आला होता की मार कमी पडला.

ब्राह्मीच्या हातातनं पट्टी पडली. ती मागं सरकली, छपराच्या मेढीला पाठ लागेपर्यंत, आणि बांधलेला हात डोक्यावर धरून वाट बघत बसली. आता त्याचा हात येणार होता.

कुंथुनाथनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. आपल्याच वजनानं ते दाबून ठेवले.

"मला यीना झालंय," तो म्हणाला. "परत सांग. पहिल्यापासनं."

चुलाणातला जाळ विझत आला होता. मग मेढीपाशी बसूनच, डोक्यावरचा हात न काढता तिनं सुरुवात केली. "आठ एके आठ." तो तिच्यामागं म्हणाला. "आठ दुणे सोळा." तो म्हणाला. तिसऱ्याला ती थांबली. त्याचं तोंड उघडं राहिलं. तिनं घाई केली नाही. कुंथुनाथला चोवीस सापडायला बराच उशीर लागला, आणि तोवर कुणी काही केलं नाही. मग त्यानं मांडीखालनं एक हात काढला, हळू, तिला दिसेल असा, आणि तीन त्रिक नऊ करून नऊ छेद चोवीस लिहिलं.

"एकोणतीस छेद चोवीस," ब्राह्मी म्हणाली. "ढेप बांधू नका. बाईंनी अजून शिकिवलं न्हाय."

याला आता दोन हंगाम झाले. ब्राह्मी आठवीला, सायकलीवरनं कोगनोळीच्या हायस्कूलला जाते. गणितात ती फार हुशार निघाली असं काही नाही. साठाच्या पुढं मागं असते. कुंथुनाथ अजून तिच्यासमोर बसतो, कसं केलंस म्हणून विचारतो. कळलं नाही तर म्हणतो, "मला न्हाय कळलं, उद्या बाईंना इचार." तिच्या उजव्या हाताचं कातडं मनगटापर्यंत चकाकतं आणि थंडीत ओढतं. श्रद्धाची पिशवी माळ्यावरनं कुणी खाली काढलेली नाही.

माफी त्यानं मागितली. भाद्रपदात जैनांचं उपासाचं पर्व संपल्यावर सगळे एकमेकांची मागतात तेव्हा गर्दीत नाही मागितली. त्याआधीच, एकटीपाशी, हौदाजवळ. ती म्हणाली, "बरं." एवढंच म्हणाली.

पण अंगाला माफी कळत नाही. काहिलीजवळ बसलेली असताना त्यानं सहज घाम पुसायला हात वर केला तरी तिचं डोकं खांद्यात जातं. तिला कळायच्या आत जातं. मग तीच ओशाळते, आणि ते ओशाळणं त्याला बघवत नाही. म्हणून अलीकडं त्यानं एक सवय लावून घेतलीय. गुऱ्हाळावर नव्यानं आलेल्या माणसाला वाटतं, याला वयाआधीच चळ लागला. हात हलवायच्या आधी तो बोलून दाखवतो.

"घाम पुसतोय गं."

"व्हय, पप्पा."

"पळी घेतोय."

"घ्या."

"टोपी सारखी करतोय."

"कळलं की वो," ती वहीतनं मान वर न काढता म्हणते, आणि तो हात वर नेतो.